तोंडावरचा पदर

आठ वर्षं सुचितानं तोंडावरचा पदर ढळू दिला नव्हता. धाडच्या बाजारात तिची सासू आशाबाई अभिमानानं सांगायची, "लय मर्यादेची सून भेटली मले. माह्यापुढं कधी उघड्या तोंडानं बोलली नाई." पण आठवड्यापासून सुचिताला भाकरीचा घासही तोंडात घेता येईना, म्हणून आशाबाई तिला बुलढाण्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली. बाईंनी पदर काढायला सांगितला. सुचितानं आधी सासूकडे पाहिलं, मग पदर खाली घेऊन तोंड उघडलं. ते दोन बोटांपुरतंच उघडलं, तरी खोलीभर कुजका वास पसरला. गालाच्या आत बोराएवढी जखम होती. "मिश्री लावता?" बाईंनी विचारलं. "हाव. लग्न झालं तवा दाढ लय दुखे. " सुचितानं सासूकडे हात केला. "या आत्याबाईनं आपल्या डबीतली लावाले देल्ली. तवापासून रोज लावतो." "आणि हा वास कधीपासून आहे?" "आठ वर्षं झाली." "इतकी वर्षं घरात कोणाला कळलं नाही?" सुचिता खाली पाहत म्हणाली, "मालकाले कळलं. ते ओसरीत झोपू लागले. बाकीच्याइले कळू नये म्हनून तं पदर घेत होती, मॅडम." बाईंनी नागपूरच्या मोठ्या दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी लिहायला घेतली. सवयीनं सुचिताचा हात पुन्हा पदराकडे गेला. "राहू दे वं बाई आता," आशाबाई कशीबशी म्हणाली, आणि मिश्रीनं काळ्या पडलेल्या आपल्याच दातांवर तिनं पदर ओढून घेतला.