लॅव्हेलांची बावीस एकर

"लॅव्हेल कुटुंबाचं थडगं इथंच कुठं तरी असेल ना?" बाईनं विचारलं, तेव्हा कोलमन लॅव्हेल त्या थडग्यापासून चार पावलांवर, हातात खुरपं घेऊन उभा होता.

भाड्याची गाडी, नवे कोरे बूट, हातात वही. ही अमेरिकावाली आहे हे सांगायला ज्योतिषी नको होता. दर उन्हाळ्यात अशा दोनचार जणी मेयो परगण्याच्या या किनाऱ्यावर यायच्या. आजोबाचं नाव शोधत दगडांवरचं शेवाळ खरवडायच्या, रडायच्या आणि पडक्या भिंतीतला एखादा दगड पिशवीत घालून परत जायच्या. कोलमनला त्यांचं हसू यायचं. आज आलं नाही.

"कोणते लॅव्हेल?"

"मार्टिन लॅव्हेल. मी त्यांची मुलगी, नोरीन. बॉस्टनहून आले. बाबा मार्चमध्ये गेले."

मार्टिन गेला. कोलमनला आधी जमीन आठवली, मग भाऊ. हे त्याचं त्यालाही कळलं.

बापानं रिवाजाप्रमाणे बावीस एकर आणि घर थोरल्याच्या नावावर केलं होतं. थोरला "दोन वर्षांत येतो" म्हणून बोटीत बसला, तो बत्तीस वर्षं फिरकला नाही. म्हातारा-म्हातारीची दुखणी धाकट्यानं काढली, मेंढ्याही त्यानंच राखल्या. कोलमनचं लग्न दोनदा जमत आलं. दोन्ही वेळा मुलीच्या बापानं एकच विचारलं, जमीन कुणाच्या नावावर? तिथंच गाडं अडलं. शेवटी त्यानं मार्टिनला लिहिलं, माझ्या नावानं कागद कर. उत्तरादाखल नाताळचं कार्ड आलं. तेव्हापासून यानं पत्र लिहिणंच सोडलं. आणि आता त्याची पोर उगवली होती.

"तुमचं नाव काय?" नोरीननं विचारलं.

काहीतरी सांगायलाच हवं होतं. "टोलन. फेस्टी टोलन."

फेस्टी टोलन त्याचा शेजारी. बांधावरच्या एका फाटकावरून दोघांचं एकोणीस वर्षं बोलणं बंद होतं. अडीनडीला नाव आठवावं तर नेमकं त्याचंच, म्हणून कोलमन मनातल्या मनात चरफडला.

"मिस्टर टोलन, बाबांना एक धाकटा भाऊ होता. कोलमन. ते कुठं राहतात?" नोरीननं पिशवीत हात घालून एक लांबट तपकिरी पाकीट अर्धं बाहेर काढलं. कोपऱ्यावर वकिलाचा शिक्का होता.

घर खाली करायचे कागद. दुसरं काय असणार?

"बुडाला तो," कोलमन म्हणाला. "नऊ वर्षं झाली. होडी उलटली. देहसुद्धा सापडला नाही, म्हणून दगडावर नाव नाही."

नोरीननं पाकीट पुन्हा आत सरकवलं. तिचे डोळे भरून आले.

"बायको, मुलं?"

"कोण देणार होतं त्याला मुलगी!"

एवढं मात्र तो खरं बोलला.

तिला संध्याकाळचं विमान गाठायचं होतं, पण त्याआधी घर बघायचं होतं. कोलमननं तिला टेकडीपलीकडच्या एका पडक्या घराशी नेलं. छप्पर कधीच गेलं होतं, चुलीत खाजरं रान माजलं होतं. ते घर कुणाचं, हे गावात कुणालाच आठवत नव्हतं. नोरीननं भिंतीवरून हात फिरवला आणि एक दगड उचलून पिशवीत ठेवला.

"जमीनही अशीच पडीक असेल," ती खाली पाहत म्हणाली.

इथं त्यानं गप्प बसायला हवं होतं.

"पडीक?" कोलमन उसळला. "ते खालचे बांध दिसतात का, पोरी? एकेक दगड हातानं लावलाय. पाठ मोडेस्तोवर चर खणून पाणी काढलंय. नाहीतर सगळी दलदल होती तिथं. ते गवत काय आपोआप आलं?"

"कुणी केलं हे सगळं?"

"मी!"

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं ते दोन्ही हात धरले.

"आमच्या जमिनीसाठी? कुणी काही देणार नसताना?"

"कोण काय देतंय?" तो पुटपुटला.

नोरीननं वही उघडली. "तुमचं पूर्ण नाव सांगाल? कागदोपत्री असतं तसं."

हिला नाताळला कार्ड पाठवायचं असेल. पाठव म्हणावं! बसू दे टोलनला उत्तरं लिहीत. "फेस्टस जोसेफ टोलन," कोलमननं सांगितलं, आणि तिनं स्पेलिंग चुकवलं तेव्हा ते दुरुस्तही केलं.

गाडी वळणाआड गेली. त्या रात्री कित्येक वर्षांनी त्याला गाढ झोप लागली. रविवारी चर्चमध्ये मार्टिनच्या नावानं मेणबत्ती लावताना मात्र त्याला हुंदका आला. मेला तो सख्खा भाऊ होता, आणि त्याच्या पोरीला आपण एक कप चहासुद्धा विचारला नव्हता.

ऑक्टोबरात, मेंढ्या खालच्या कुरणात उतरवत असताना, भांडणाच्या त्या फाटकाशी टोलन येऊन उभा राहिला आणि त्यानं हाक मारली. त्याच्या हातात लांबट तपकिरी पाकीट होतं.

"बोलायला तोंड उघडलंस वाटतं," कोलमन म्हणाला.

"उघडावं लागलं. ऐक." टोलननं चष्मा चढवला. "'प्रिय मिस्टर टोलन, उशीर केला म्हणून बाबा शेवटी फार रडले. सगळी जमीन आणि घर कोलमनकाकांच्या नावावर कर, असं मला सांगून गेले. ते कागद घेऊनच मी आले होते. काका होडी उलटून बुडाल्याचं तुम्हीच सांगितलंत. म्हणून ज्या हातांनी ही जमीन जपली, त्यांच्याच, म्हणजे तुमच्या नावावर ती केली आहे. सोबत कागद जोडले आहेत.'"

टोलननं पत्राची नीट घडी केली आणि फाटकावर कोपरं टेकली.

"त्या पोरीला मी जन्मात पाहिलेलं नाही. पण ते राहू दे. कोलमन, तू बुडालास कधी रे?"