आणि खारू घरी आली

पडद्यावरची मुलगी धावत आली आणि खारूच्या आईला एकदम भरून आलं. तोच फ्रॉक! पिवळा, खिशावर वाकडीतिकडी शिवलेली खार. वेशभूषेच्या बाईंना तिनंच तो कपाटाच्या तळातून काढून दिला होता. "नवा कशाला शिवता? खराच घ्या," असं वर हौसेनं सांगितलं होतं.

"आई, माझा फ्रॉक!" मांडीवरची खारू कुजबुजली.

"हो गं राणी. गोष्टच तुझी आहे ना."

होतीच. दोन वर्षांपूर्वी खारू तापानं फणफणली होती. दवाखान्यात तो फ्रॉक तिनं अंगावरून काढू दिला नव्हता. ती बरी होऊन घरी आली आणि नवऱ्यानं एका बैठकीत कथा लिहिली. त्याआधी त्याच्या कथांना कुत्रं विचारत नव्हतं. या कथेनं तो घराघरात पोचला. मागोमाग सिनेमावाले आले, आणि लेखक महाशय पटकथाकार झाले.

लिहिलेलं पान न् पान आधी बायकोला वाचून दाखवायचं, ही त्याची जुनी सवय. पटकथाही तशीच वाचून झाली. शेवटचा प्रसंग तेवढा राहिला.

"तो काय, तुला पाठच आहे," तो म्हणाला होता.

पाठ होताच. खारूलासुद्धा. रोज झोपताना हीच गोष्ट लागायची, आणि शेवटचं वाक्य म्हणायचा मान खारूचा: "आणि खारू घरी आली!"

पडद्यावर दवाखाना आला. पोर धडधाकट मांडीवर बसलंय हे दिसत असूनही तिचा हात खारूच्या कपाळावर गेला. गार होतं. शेजारी नवरा पडद्याकडे बघतच नव्हता. मान वळवून तो मागच्या रांगांमधले चेहरे न्याहाळत होता.

पडद्यावरची नर्स थबकली. मग तिनं पांढरी चादर ओढली. पिवळ्या फ्रॉकवरून, हनुवटीवरून, डोळ्यांवरून.

आता उठेल, तिला वाटलं. आत्ता उठेल. पण मुलगी उठली नाही. सगळीकडून हुंदके ऐकू यायला लागले.

"हे काय केलंस तू?"

"अगं, वाचलेल्या मुलीसाठी कोण रडतं?" त्यानं तिचा हात दाबला. "बघ ना, एकही डोळा कोरडा नाही."

दिवे लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. निर्माते लगबगीनं आले, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जिंकलंस लेका! अरे, वहिनींनाही रडवलंस!"

खारू मात्र अजून कोऱ्या पडद्याकडेच बघत होती. आपलं वाक्य म्हणायला तोंड उघडून थांबली होती. मग ती वळली. स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून तिनं नीट पाहिले.

"बाबा," तिनं विचारलं, "मग घरी कोण आलं?"