डावा पाय

भिंतीत ड्रिल घुसलं तसं तिच्या काळजात धस्स झालं. नगराध्यक्षांसकट सगळी मिरवणूक दारात उभी, आणि आतल्या खोलीत, लोटलेल्या दारामागे, तिचा लेक. रजा न घेता पलटणीतून पळून आलेला.

"खाटेवरून उतरू नकोस," तिने त्याला बजावलं होतं. "बाहेर काहीही होवो. आणि ती पुढची फरशी सैल आहे, तिच्यावर तर पायच ठेवू नकोस."

त्याने मान हलवली होती. आल्यापासून तो नुसती मानच हलवत होता.

सरकारने आजच या शहराला 'सैनिकांचं शहर' असा किताब दिला होता. पिढ्यान्‌पिढ्या इथली पोरं फौजेत गेली, फौजेनेही या शहराला कधी अंतर दिलं नाही, म्हणून. आता ज्या घरचा माणूस फौजेत, त्या दाराशी एकेक पितळी पाटी लागणार होती. पहिला मान हिच्या घराला. सासरा, नवरा, लेक, तिघंही फौजेतले. नको म्हणायला तोंड कुठे होतं?

कोपऱ्यावरून बुटांच्या टाचा वाजल्या आणि गर्दीने आपसूक वाट दिली. कवायत मास्तर! शहरातलं फौजेत गेलेलं प्रत्येक पोरगं आधी याच्या शिव्या खाऊन मगच पुढे गेलेलं.

"काय वहिनी, लेकाची काय खबर?"

"फोन येतो ना अधूनमधून. बरा आहे म्हणतो."

"बराच असणार! माझ्या हाताखालून गेलाय. खोड एकच, डावा पाय. सगळ्यांचा पडून गेला की मग या महाशयांचा पडणार. बिचाऱ्याने घरी आपटून आपटून तुमची फरशी उखडली, पण पाय काही सुधारला नाही."

लोक हसले. तीही हसली.

"घोटभर पाणी द्या," म्हणत मास्तरने नेहमीच्या सवयीने आत पाऊल टाकलं. ती आडवी आली.

"मी आणते ना बाहेरच. आत सगळा पसारा पडलाय."

"माझ्यापुढे पसाऱ्याची लाज कधीपासून वाटायला लागली?"

तो तिच्याकडे बघत मागे सरला. तिने पाण्याचा तांब्या बाहेर आणून दिला. मागे शेजारच्या गल्लीतला एक पोरगा असाच पळून आला होता. याच मास्तरने त्याला कॉलर धरून छावणीत नेऊन उभं केलं होतं. सगळ्या शहराने मास्तरची पाठ थोपटली. तिनेही थोपटली होती.

पाटी बसली. तिच्यावर कापड चढलं. नगराध्यक्षांनी घसा खाकरून भाषण ठोकलं. बोलता बोलता ते असे काही रंगात आले की विचारू नका. म्हणाले, "अहो, आमच्या शहरात कुणी नुसतं सावधान म्हटलं, तर झोपलेला माणूससुद्धा ताडकन उठून उभा राहतो!"

टाळ्या पडल्या. मास्तर पुढे झाला, छाती भरून घेतली.

"साऽवधान!"

सगळ्यांचे पाय एकदम आपटले. मग चिडीचूप. आणि त्या शांततेत, जरासा उशिरा, घरातून आवाज आला.

खट्.

मेल्या, तुला खाटेवर बस म्हटलं होतं ना रे! ती मनातल्या मनात किंचाळली.

कापडाचं टोक धरलेला नगराध्यक्षांचा हात तसाच थांबला. "आत कोण आहे हो?"

सगळ्या नजरा दाराकडे वळल्या. मास्तरची नजर तेवढी समोरून हलली नव्हती.

"सावधानमध्ये बोलत नसतात, साहेब."

नगराध्यक्ष चांगलेच ओशाळले. त्यांनी घाईघाईने कापड ओढलं. पाटीवर कोरलं होतं: 'या घराने सैनिक दिला.'

आता मास्तर विश्राम म्हणेल म्हणून सगळे वाट बघत होते. तो गर्दीकडे पाठ करून दाराकडे वळला.

"विश्राम," तो म्हणाला. इतक्या हळू, की मागच्यांना पुढच्यांचं बघून पाय हलवावे लागले. त्या खसफशीत आतली फरशी पुन्हा वाजली. ती तिला एकटीला ऐकू आली, की तिला तसं वाटलं.

लगेच मास्तर बँडवाल्यांवर खेकसला, "तोंडं काय बघताय? वाजवा! पुढचं घर वाट बघतंय." बँड सुरू झाला, मिरवणूक पुढे सरकली. नगराध्यक्षांनी एकदा वळून पाहिलं, पण मागच्या गर्दीने त्यांनाही ढकलत नेलं.

मास्तर मात्र तिथेच उभा राहिला.

"डावा पाय अजून उशिराच पडतो, वहिनी."

हातापाया पडावं असं मनात आलं, पण तिची नजर त्या पाटीवर खिळून राहिली होती.

"दिला, असं लिहिलंय त्यांनी," ती म्हणाली. "दिलेला परत घेता येतच नाही का हो, मास्तर?"

बँड कोपऱ्यावरून वळला होता. मास्तर पायरीवर बसला, बुटांच्या नाड्या सोडल्या. ज्याच्या टाचा चार घरं पलीकडे ऐकू जायच्या, त्याने बूट काढून उंबऱ्याबाहेर ठेवले.

मग आतल्या खोलीचं दार हलकेच ढकललं आणि चोरपावलांनी, ती सैल फरशी चुकवून, तो आत गेला.