चपलांपाशी

"बेकार आहे रे हा भाग. तिसरा काय भारी होता."

आतून आवाज आला आणि पायरीवर बसलेल्या महेशने मान खाली घातली. त्याच्या पायाशी मुलांच्या चपलांचा ढीग होता. इंदिरानगरातल्या त्या सायबर कॅफेत चपला बाहेर काढूनच आत जायचं असा नियम होता. दार उघडं होतं, त्यामुळे पडद्यामागचं सगळं ऐकू येत होतं.

"अण्णा, ऐकलंत ना? चला घरी."

"बस रे. आत्ता कुठं कीर्तनाला बुवा उभे राहिलेत," त्याचे वडील मोतीराम म्हणाले.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत महेश कॉम्प्युटरचे गेम बनवायचा. छत्री घेऊन उड्या मारणाऱ्या बेडकाचा त्यांचा गेम पोरांमध्ये चांगला चालला होता. बेडूक डावीकडून उजवीकडे पळत सुटायचा, खड्डे ओलांडायचा, फळ्यांवरून उड्या मारायचा. पहिले चार भाग कंपनीतल्या जुन्या लोकांनी केले. पाचवा पहिल्यांदाच महेशवर सोपवला होता. सीडी दुकानात येऊन आठवडा झाला. ऑफिसात सगळे छान म्हणाले. त्याला एकाचंही खरं वाटलं नाही. पोरांना गेम आवडला नसेल तर नोकरी सोडायची आणि मळ्यात फुलं तोडायला यायचं, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. राजीनाम्याचा कागद शर्टाच्या खिशात होता.

सकाळी त्याने हे सगळं वडिलांना सांगितलं. मोतीराम नुकतेच झेंडू बाजारात देऊन आले होते. गेम म्हणजे काय ते त्यांना धड कळलं नाही, पण मुलाचा चेहरा कळला.

"बुवांच्या तोंडावर कोणी वाईट बोलतं का? समदे पायाच पडतात," ते म्हणाले. "कीर्तन कसं झालं ते मंडपाच्या बाहेर कळतं. चपलांपाशी. चल, तुझ्या मंडपाबाहेर बसू."

तीस वर्षं ते गावोगावच्या कीर्तनात बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे राहिले होते. सप्ताह कुठलाही असो, मोतीरामांचा टाळ असायचाच. अशा माणसाला कळत असेल, असं महेशला वाटलं. म्हणून तो आला.

आता त्याला पस्तावा होत होता.

"छत्री उघडायलाच किती वेळ लागतो. तोवर मेला ना बेडूक."

"गाणं पण बदललं यांनी. पहिलं मस्त होतं."

"तेच खड्डे, तेच पूल. नवीन काय आहे यात?"

"ती विहीर बघ. पायऱ्या किती निसरड्या केल्यात. कोणी केलंय हे? आणा त्याला इथे."

सगळे हसले. ती विहीर महेशने स्वतः चितारली होती. पाथर्डीकडच्या त्यांच्याच मळ्यातली, शेवाळलेल्या पायऱ्यांची. त्याने वडिलांकडे पाहिलं. मोतीराम गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून बसले होते. कपाळावरचा बुक्का घामाने पसरला होता. नजर खाली चपलांवर होती.

ऊन पायरीवर आलं. आत तक्रारी चालूच होत्या. एक मुलगा धावत बाहेर आला. महेश सावरून बसला. पण मुलगा अनवाणीच माठापाशी गेला, घटाघटा पाणी प्यायला आणि ओल्या तोंडाने परत आत पळाला.

मोतीरामांनी मान डोलावली. समेवर डोलवावी तशी.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतून एक बाई तरातरा आली. हाताला पीठ लागलेलं होतं.

"राज," तिने दारातूनच हाक मारली. "वरण गार झालं. दोन वेळा निरोप पाठवला तुला."

"आई, एकदम फालतू गेम आहे," आतून राज ओरडला. "एवढी विहीर पार करतो नि येतो."

"फालतू आहे तर ऊठ."

राज उठला नाही. बाईने चपला काढल्या आणि पडदा सारून ती आत गेली. आता कान धरून बाहेर आणेल, असं महेशला वाटलं.

त्याच्याने आणखी ऐकवेना. तो उठला. खिशातला कागद त्याने बाहेर काढला.

"झालं, अण्णा. सात-आठ पोरांतलं एकही पोर चांगलं बोललं नाही. मी उद्या पुण्याला जातो, हा कागद देतो आणि परत येतो."

"बोलणं मी कुठं ऐकतोय?" मोतीराम म्हणाले.

"मग दोन तास काय करताय?"

मोतीरामांनी त्याचं मनगट धरलं. आतून त्याच बाईचा आवाज येत होता. "अरे, पुढे पायरी आहे, दिसत नाही का? आता मार उडी. आता. थांब, सरक जरा, मला बघू दे."

"तीस वर्षं मी मागं उभं राहून बघतोय," मोतीराम हळूच म्हणाले. "लोकं बुवांना नावं ठेवतात, चाल चुकली म्हणतात, मागचे बुवा बरे होते म्हणतात. त्याचं काही नाय. कीर्तन पडलं की बोलत नाय कोणी. गुपचूप उठतात अन् चपला घालून निघतात."

महेश ढिगाकडे पाहू लागला.

"आपण आलो तवा सात जोड होते," मोतीराम म्हणाले. "आता आठ हायेत. बस खाली."