पळणारं मीटर

“म्हणजे मी चोर?” जनार्दनने लॉगबुक टेबलावर आपटलं, तसा कपातला चहा हिंदकळला.

“चोर कोण म्हणतंय, काका? खोटं नका लावून घेऊ,” सलील म्हणाला. राग मानू नका याला बडोद्यात असंच म्हणतात. “पण वाघोडिया ते अलकापुरी, जाऊन-येऊन शेहेचाळीस किलोमीटर. मीटर रोज चौसष्ट दाखवतं. हे अठरा कुठे जातात?”

सलील कारखान्याचा नवा मॅनेजर. जनार्दनची मालवाहू पिकअप सलीलपेक्षा जेमतेम पाच-सहा वर्षांनी लहान. तिचं मीटर नऊ वर्षं बंद होतं, कुणाचं काही अडलं नव्हतं. या पोराने आल्या आल्या नवं बसवून घेतलं आणि महिन्याभरात बावीस वर्षं नोकरी केलेल्या ड्रायव्हरवर बोट ठेवलं! काय म्हणावं याला? उद्या मालकाच्या कानावर गेलं की नोकरी गेली. आणि नोकरीचं एक वेळ सोडा, दांडिया बाजारात चार लोक जनार्दनच्या शब्दावर चालतात, त्यांना काय तोंड दाखवायचं?

“चोर सोडून संन्याशाला फाशी!” जनार्दनचा आवाज बाहेर फिटरपर्यंत गेला. “जुन्या गाडीला मिळेल ते मीटर बसवलंत, ते पळतंय. माझ्या शेजारी बसा आणि डोळ्यांनी बघा, सलीलभाई.”

“चला, आत्ताच जाऊ.”

“आत्ता नाही, उद्या सकाळी. मीटर ज्यांनी बसवलं ते मोहनरावही येऊ देत. मला साक्षीदार हवा.”

सकाळी तिघं केबिनमध्ये दाटीवाटीने बसले. सलीलने फोनवर नकाशा लावला. जनार्दन वाटेत चहालासुद्धा थांबला नाही. वेगाचा काटा पंचावन्नवर, आणि शेजारून एक आजोबा मोपेडवर आरामात पुढे गेले. जनार्दनने सलीलकडे पाहिलं. सलील खिडकीबाहेर बघत होता.

अलकापुरीत माल उतरवून गाडी परत कारखान्याच्या गेटवर आली. फोनवर शेहेचाळीस. मीटरवर चौसष्ट.

“चूक माझी,” मोहनराव म्हणाले. “केबलच्या टोकाला दात्यांचं पिनियन असतं. दाते चुकले की मीटर पळतं. बसवताना मोजायला हवे होते.”

“मग बदला ना.”

“या मॉडेलचं मिळत नाही हो आता. इतकी जुनी गाडी!”

सलीलचा चेहरा उतरला. गेटवर सगळ्यांसमोर त्याने हात जोडले. “माफ करा, काका.”

“तोंडी माफी नको. संशय भर ऑफिसात घेतलात, आता कागदावर लिहून द्या.” जनार्दनने मीटरकडे बोट केलं. “बावीस वर्षं! एक दिवस खाडा नाही, गाडीला एक ओरखडा नाही, आणि माझी लायकी हे डबडं ठरवणार?”

सलीलने लिहून दिलं: पिकअपचं मीटर रोज अठरा किलोमीटर जास्त दाखवतं, नोंद करताना तेवढे वजा करावेत. खाली सही, शिक्का. फिटरांनी टाळ्या वाजवल्या. जनार्दनने कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली.

संध्याकाळी दांडिया बाजारात आपल्या दुकानासमोर मोहनराव पिकअपखाली शिरले. आदल्या संध्याकाळी बसवलेलं पिनियन त्यांनी काढलं आणि बरोबर दात्यांचं, पहिलं होतं ते, पुन्हा बसवलं. जनार्दनचा राग अजून उतरला नव्हता. “मला चोर म्हणतो!” असं पुटपुटतच त्याने बायकोला फोन लावला.

“नयना, रिफायनरीच्या पोरांना कळव, उद्यापासून तुझे जेवणाचे डबे पुन्हा सुरू. अठरा किलोमीटर लेखी मंजूर झालेत.”