जास्तीची ओळ

भिकाजीने पहार शिवाच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज केबिनभर झाला. शिवा खुर्चीतून कीबोर्डवर कोसळला आणि तिथून जमिनीवर. कीबोर्डवर रक्त राहिलं, आणि रक्तात एक दात.

"सोडा रे तेका, मरात तो!" दारातून कोणीतरी ओरडलं. पुढे मात्र कोणी आलं नाही. दारातल्या प्रत्येकाने मघाशी आपापला हात शिवावर चालवून घेतला होता.

खाली, पट्ट्याशेजारी, निळ्या ताडपत्रीखाली अनिश होता. भिकाजी मुकादमाचा एकुलता एक मुलगा. जहाजात खनिज भरणारा पट्टा दगड अडकून थांबला, तेव्हा हीच पहार घेऊन तो रोलरांमध्ये उतरला. कोणाला सांगून गेला नाही. वर केबिनमध्ये शिवाने पट्टा सुरू करायची कमांड दिली. पट्टा हलला नाही. शिवाने 'मदत' असं टाइप केलं, पडद्यावर जे आलं ते वाचलं आणि अडलेला पट्टा रेटून चालवणारी जोराची कमांड दिली. पट्टा सुरू झाला.

मदतीचं ते पान चारुताने लिहिलं होतं.

ती भिंतीला टेकून उभी होती. आज सोमवार, म्हणून उपाशीपोटीच ती कट्टा गावाहून पहिल्या गाडीने आली होती आणि आल्या आल्या तिने नवी पानं इथल्या कॉम्प्युटरवर चढवून दिली होती. त्या कॉम्प्युटरला माऊस नव्हता की चित्रं नव्हती. नुसता काळा, बुटका पडदा आणि त्यावर टाइप करायच्या कमांडी. माणसं अडखळायची, घाबरायची. म्हणून तिने एकेका कमांडीचं पान मराठीत केलं. पान त्या बुटक्या पडद्यात एका नजरेत मावलं पाहिजे, म्हणून शब्द न् शब्द तासला. आणि घरी कागदाच्या माथ्यावर श्री लिहितात तशी सगळ्यात मोलाची गोष्ट पानाच्या माथ्यावर ठेवली : 'आधी माणूस पाठवून बघा. पट्ट्यावर कोणी नाही याची खात्री करा.'

वडिलांना, श्रीपादमास्तरांना, तिचं फार कौतुक. पहाटे निघताना ते म्हणाले होते, "एवढा लिवलंस गो, पण तुझा नाव खंय त्यात?" ती हसली होती. मग गाडीत बसल्या बसल्या तिने लॅपटॉप उघडून पानाच्या तळाशी एक ओळ वाढवली होती.

मघाशी अनिशला वर काढलं, तेव्हा तीच रडत म्हणाली होती, "पण पहिल्याच ओळीत लिहिलंय हो मी!" लॅपटॉपवर पान उघडून तिने दाखवलंही होतं. भिकाजीने त्या ओळीवर बोट ठेवून ती सावकाश वाचली. पहार त्याने त्यानंतर उचलली.

"माका दिसाक नाय ती ओळ," शिवा जमिनीवरून म्हणाला. "शप्पथ, काका. थंय नव्हतीच ती."

"नव्हती?" भिकाजीने त्याच्या बरगडीत लाथ घातली. "फटकेच्या, डोळे फुटले तुझे? मी वाचलंय ती ओळ! अनिश तुझ्या ताटात जेवलो रे मेल्या, तुझ्या ताटात!"

त्याने पुन्हा लाथ घातली. शिवाने पोट धरलं. त्याचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. तोंडातलं रक्त त्याने गिळलं.

"मगे आसात," तो पुटपुटला. "आसात ती ओळ. मीच वाचूक नाय. मार, काका."

चारुता भिंतीपासून सुटली. जीव वाचवायला खोटं बोलणारा माणूस असं 'मार' म्हणत नाही. तिने ओढणीने कीबोर्ड पुसला. दात बाजूला ठेवला. आणि 'मदत' टाइप केलं.

ओळी भराभर उमटल्या. पडदा काठोकाठ भरला. मग तळाशी शेवटची ओळ आली आणि तिला जागा द्यायला सगळं पान एका ओळीने वर चढलं. पहिली ओळ काठाबाहेर गेली. आता माथ्यावर होतं : 'पट्टा अडला असेल तर जोराची कमांड द्या.'

चारुताने तळाची ओळ पुन्हा वाचली.

दारातल्यांना तिथून पडदा दिसत नव्हता. शिवाचे डोळे उघडत नव्हते. एक कळ दाबली की पडदा कोरा होणार होता. तिचं बोट त्या कळीवर होतं.

"काय गो चेडवा?" भिकाजीने पहार पुन्हा डोक्यावर नेली. "आसा मा ती ओळ?"

तिने बोट उचललं.

"नाही, काका. शिवा खरं बोलतोय. माझ्या लॅपटॉपचा पडदा उंच आहे, त्यावर ती दिसते. इथे ती वर निघून जाते. त्याच्यासमोर ती आलीच नाही."

भिकाजीने शिवाच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं. पहार हवेतच राहिली.

"मगे माझ्या झिलाक मारल्यान कोणी?" त्याचा आवाज फाटला. "नाव सांग! माका एक नाव सांग!"

चारुता शिवाच्या आणि पहारीच्या मध्ये येऊन उभी राहिली. पडदा तिने दाराकडे वळवला. तळाच्या त्या जास्तीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं,

"मदतलेखन : चारुता श्रीपाद सामंत."