मोगऱ्याचा कौल

हफीजाबीनं मोगऱ्याच्या बुडाशी बोट खुपसलं आणि बाहेर काढलं. बोटाला ओली माती चिकटली होती.

"विमल, पाणी कोणी घातलं गो?"

"कोणी नाही. देवाशप्पथ," विमला म्हणाली. "तुम्ही बंद करा म्हणालात त्या दिवसापासून थेंब नाही घातला."

पाणी तोडून पंधरा दिवस झाले होते. एव्हाना पानं पिवळी पडून गळायला हवी होती. ही चारही झुडपं तेल लावल्यासारखी तकतकत होती.

दाभोळात हफीजाबीला ओळखत नाही असं घर नव्हतं. डॉक्टरांच्या दारचा अनंत कळ्या धरायचा आणि गाळायचा. तिनं त्यांच्या विहिरीचं पाणी जिभेवर घेतलं, "शिंपल्यांचा चुना उतरलाय," म्हणाली आणि झाडाला आंबट ताक घालायला लावलं. पुढच्याच मोसमात अनंत पांढराशुभ्र झाला. खाडीवरच्या बंगल्यातला सोनचाफा दहा वर्षं नुसता उंच होत होता, त्याच्यावर तिनं फुलत्या झाडाचं कलम बांधलं. मोगऱ्याबद्दल तर तिचं ठाम मत होतं. "लाडानं नाय फुलत तो. त्याला तहान लागायला हवी. जीव कासावीस झाला की मग फुलायची आठवण होते."

विमलाच्या दारी आल्या आल्या तिनं मोरीचं पाणी झुडपांवरून दुसरीकडं वळवलं होतं. "पानं गळली की छाटीन, खत घालीन, मग पाणी. शिमग्याला फुलं वेचशील," असा शब्दही दिला होता.

हा शब्द ऐकून विमलाचा चेहरा कसा झाला होता, तो हफीजाबीला आता आठवला. त्यावर आनंद नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती मागच्या बेड्यातून, कुंपणाच्या फाटकातून, आत शिरली. विमलाची मुलगी चिमा मोगऱ्यापाशी वाकून कळशी रिकामी करत होती.

"चिमा!"

कळशी दगडावर आपटली. चिमा उभी राहिली. पळाली मात्र नाही.

"तीन वर्षं झाडांना फूल नाय. भागोजीभाऊनं, तुझ्या गेलेल्या बापानं लावलेली झाडं. आणि तूच त्यांना फुलू देत नाहीस?"

"फुललं तर माझं लग्न आहे, मावशी."

मग तिनं सगळं सांगितलं. सावर्ड्याचं स्थळ आलं होतं. माणसं चांगली होती, दुकान चालतं होतं. पण लग्नानंतर शिकवणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं आणि शिमग्यापर्यंत उत्तर मागितलं होतं. चिमाची मार्चमध्ये बारावीची परीक्षा होती. तिला पुढं डी.एड. करून शाळेत शिकवायचं होतं.

"आईला सांगितलंस?"

"दहादा. आई म्हणते, मी कोण ठरवणार? देवळात गुरव देवाला कौल लावतो ना, तसा तिनं मोगऱ्याला लावलाय. फुलला तर बाबांचा होकार. नाही फुलला तर नकार."

हफीजाबी झुडपांकडं बघत राहिली. अजून वेळ गेली नव्हती. आजपासून पाणी थांबलं तर शिमग्याला कळ्या येणार, हे तिला ठाऊक होतं. 'माझा हात चुकला गो, विमल,' एवढं म्हटलं तर मुलगी सुटणार, हेही ठाऊक होतं. आजवर असं वाक्य तिनं कुणाच्या दारात उच्चारलं नव्हतं.

आवाज ऐकून विमला पदर सावरत बाहेर आली. तिनं कळशी पाहिली, भिजलेली माती पाहिली.

"पाणी मी घालत होते, आई," चिमा म्हणाली.

विमलानं हात उगारला. हफीजाबी मधे आली.

"तिला मारू नको. आधी माझं ऐक. ह्या मोगऱ्याचं पाणी तोडलं तर तो फुलेल. पाणी घातलं तर नाय फुलणार. मी ठरवीन त्या महिन्यात मी त्याला फुलवीन. तुला पौर्णिमेला फुलं हवीत की अवसेला, तेवढं सांग."

"म्हणजे?"

"म्हणजे ह्यात भागोजीभाऊ कुठं आला? हा कौल त्याचा नाय. कौल माझ्या हाताचा हाय. झाडाला काय विचारतेस? मला विचार."

विमला पायरीवर बसली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "ते होते तेव्हा सगळं तेच ठरवायचे. मी एकटीनं ठरवलं आणि उद्या चुकलं, तर पोरीला काय तोंड दाखवू?"

"चुकलं तर चुकलं. माझी काय कमी झाडं मेली? ती कुणी पाहिली नाहीत, एवढंच." हफीजाबी तिच्याशेजारी टेकली. "आणि मोगरा शिमग्याला फुलणार. मी शब्द दिलाय. पण तो मोगरा म्हणून फुलेल. त्याच्या डोक्यावर पोरीचं लग्न नको ठेवू."

चिमा खाली मान घालून उभी होती. विमलानं तिच्याकडं पाहिलं, जणू बऱ्याच दिवसांनी पाहत होती.

"घरात कागद आहे का गो?" तिनं विचारलं.

"आहे. कशाला?"

"सावर्ड्याला मी पत्र लिहिते," विमला म्हणाली. "मुलगी शिकतेय म्हणून कळवते."